मी स्वतः वापरते

त्या दुकानात तिला कोणी नावाने हाक मारत नसे. मालकांपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळ्यांची ती टिचकीबाई. तेवीस वर्षं ती घरगुती सामानाच्या विभागात उभी होती. उभी म्हणजे खरोखरच उभी, कारण विक्रेत्या बायकांना बसायला खुर्ची द्यावी की नाही, यावर वरच्या मजल्यावर तेवीस वर्षं विचार चालू होता.

नाव पडलं ते तिच्या एका खोडीमुळे. गिऱ्हाईक बादली घ्यायला आलं की ती बादली डाव्या हातात उंच धरायची, काठाखाली चार बोटं सोडून मधल्या बोटाची टिचकी मारायची आणि कान तिरपा करायची. खणखणीत आवाज आला की बादली गिऱ्हाइकाच्या हातात. बद्द आवाज आला की बादली मुकाट्याने परत फळीवर, आणि गिऱ्हाइकाला एवढंच, "पुढच्या आठवड्यात या, नवा माल येतोय." कपड्यांचे चिमटे ती स्वतःच्या बाहीला लावून हात झटकून दाखवायची. स्टूल विकायचं तर आधी स्वतः चढून दोन उड्या मारायची. अंगाने ती काही कमी नव्हती, त्यामुळे तिच्याखाली टिकलेलं स्टूल कुणाच्याही घरी टिकणार याबद्दल लोकांची खात्री असायची.

दुकानाचे थोरले मालक हे सगळं जिन्यावरून बघायचे. त्यांनी जेव्हा दुकानाच्या स्वतःच्या नावाने घरगुती वस्तू काढल्या, 'घरोबा' असं त्यांचं नाव ठेवलं, तेव्हा ते तिला म्हणाले, "बाई, लोक माझं तोंड बघून येत नाहीत. तुमची टिचकी ऐकून येतात. प्रत्येक वस्तूवर तुमचाच फोटो छापू."

ती लाजली, मग दुकानाचा निळा सदरा इस्त्री करून आली. फोटोवाल्याने विचारलं, "खाली काय लिहू?" ती म्हणाली, "काय लिहायचं? मी स्वतः वापरते." तेच छापलं. आणि ते अक्षरशः खरं होतं. तिच्या घरात बादलीपासून बाटली धुण्याच्या ब्रशपर्यंत सगळं घरोबाचं. त्या फोटोच्या बदल्यात थोरल्यांनी तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि एका कागदावर सही घेतली. घड्याळ अजून चालतंय. कागद तिने वाचला नव्हता.

मग थोरले थकून घरी बसले आणि त्यांच्या खुर्चीत धाकटे आले. धाकटे दोन वर्षं बाहेर शिकून आले होते आणि येताना 'व्हॅल्यू इंजिनिअरिंग' नावाची विद्या घेऊन आले होते. बादलीतलं प्लास्टिक कमी करायचं आणि बादलीवरचं चित्र मोठं करायचं, असं त्या विद्येचं सार होतं.

आधी स्पंज गेला. तिसऱ्या दिवशी त्याची हिरवी बाजू पिवळ्या बाजूपासून घटस्फोट घेऊ लागली. मग कचऱ्याच्या पिशव्या. त्या स्वयंपाकघरात कधीच फाटायच्या नाहीत, जिन्यात फाटायच्या, आणि तेही शेजाऱ्यांच्या दारासमोर. चिमट्यांच्या स्प्रिंगा उडून समोरच्या गच्चीत जाऊ लागल्या. मॉप धुळीपेक्षा जास्त दोरे जमिनीवर ठेवू लागला. भांड्यांच्या साबणाच्या बाटलीत साबणाच्या नुसत्या आठवणीवर हिरवं झालेलं पाणी यायला लागलं. दर वेळी वेष्टनावर 'नवीन! आता आणखी चांगलं!' अशी पट्टी असायची. टिचकीबाईने त्यावरून एक हिशेब बसवला होता. 'नवीन' हा शब्द जेवढा मोठा, वस्तू तेवढी बारीक.

फोटो मात्र तोच. तोच तरी कसा म्हणायचा? संगणकावर दर वर्षी तिच्या डोळ्यांखालच्या सुरकुत्या पुसल्या जात, केस काळे होत, दात पांढरे होत. तिचा नवरा घरीच शिवणयंत्रं दुरुस्त करायचा. तो साबणाची बाटली हातात घेऊन म्हणायचा, "अगं, साबण दर वर्षी पातळ होतोय आणि तू दर वर्षी तरुण. एकदा यांच्या कारखान्यात मलाही बुडवून आण की."

"तुम्ही स्क्रू पिळा," ती म्हणायची.

"पिळतो. पण बाटली तुझीच ना? की ही फक्त लोकांनी वापरायची?"

चार वर्षांपूर्वी एके दिवशी तिने गुपचूप समोरच्या रस्त्यावरच्या छोट्या दुकानातून साबण आणला. पुढच्या महिन्यात स्पंज. मग बादली. घरातून घरोबा हळूहळू हद्दपार झाला. दुकानाच्या आत तरी वेगळं काय होतं? दुकान झाडणारी बाई मॉप समोरूनच आणायची. फळ्या लावणारे लोक थोरल्यांच्या काळातलं जुनं लाकडी स्टूल वापरायचे आणि रात्री ते कुलपात ठेवायचे. नव्या स्टुलांचा ढीग शेजारीच होता, त्याला कोणी पायही लावत नसे. दुकानातल्या एकूण एक माणसाला घरोबाची खरी किंमत माहीत होती. फक्त गिऱ्हाइकांना सांगायची पद्धत नव्हती.

गिऱ्हाइकांना सांगायला तिथे माणसंही उरली नव्हती. पूर्वी त्या विभागात सहा बायका होत्या, आता दोन. बाकी चौघींच्या जागी भिंतीवर एक यंत्र लावलं होतं. वस्तू त्याच्यापुढे धरली की ते किंमत सांगायचं, म्हणजे सांगणं अपेक्षित होतं. ते बहुतेक वेळा "क्षमस्व" म्हणायचं. तक्रारीच्या फोनवर एक गोड आवाज "तुमचा वेळ आमच्यासाठी मोलाचा आहे" असं सांगायचा आणि तो किती मोलाचा आहे हे पटावं म्हणून अकरा मिनिटं बासरी वाजवायचा. वस्तू बदलून घ्यायची खिडकी तळघरात, शौचालयाच्या बाजूला. तिथे पाटी होती: 'वापरलेली वस्तू परत घेतली जाणार नाही.' आता न वापरलेली वस्तू मोडणार कशी, हा प्रश्न पाटी लिहिणाऱ्याला पडला नव्हता, किंवा चांगलाच पडला होता.

तिथल्या संगणकात धाकट्यांनी मोठ्या हौसेने एक नियम घातला होता. तक्रारीच्या अर्जात 'ही वस्तू तुम्हाला कोणी सुचवली?' असा रकाना होता. एका दिवसात ज्याच्या नावावर पन्नास तक्रारी जमतील, त्याचं नाव आणि चित्र दुकानाच्या सगळ्या जाहिरातींतून आपोआप बाद. एकाही माणसाचं आजवर काही बाद झालं नव्हतं. एका दिवसात पन्नास माणसं त्या तळघरात टिकतच नसत.

टिचकीबाईला तासाला तीनदा मोठ्याने म्हणायचं वाक्य दिलं होतं. "घरोबा! मी स्वतः वापरते, तुम्हीही वापरा!" ती शाळेत हजेरी घ्यावी तशा आवाजात ते म्हणायची आणि म्हणता म्हणता बादलीला टिचकी मारायची. जुनी गिऱ्हाइकं तोंडाकडे लक्ष देत नसत, बोटाकडे देत. बद्द आवाज आला की हसून निघून जात. पुढे धाकट्यांनी आलेख काढला, तेव्हा घरोबा सगळ्या शाखांत खपत होता आणि फक्त मुख्य दुकानात पडून होता. ते अर्धा दिवस खांबाआड उभे राहिले आणि दुसऱ्या दिवशी लेखी हुकूम आला की कर्मचाऱ्यांनी उत्पादनांना अनावश्यक स्पर्श करू नये.

बोट बंद झालं. तोंड चालू राहिलं. निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती, तिने मान खाली घातली. तासाला तीन, दिवसाला चोवीस या दराने ती खोटं बोलत होती आणि त्याला ड्यूटी म्हणत होती. घरी येऊन ती ताटं, दारं, खिडक्या, जे सापडेल त्याला टिचक्या मारायची. नवरा म्हणायचा, "मलाही मारून बघ. बद्द वाजलो तर परत कर."

त्याच वर्षी, पाच वर्षं वसतिगृहात राहून शिकलेल्या तिच्या मुलीला दुसऱ्या शहरात पहिली नोकरी लागली. मुलगी तिसऱ्या मजल्यावर एक खोली घेऊन एकटी राहू लागली आणि टिचकीबाईच्या जिवाला घोर लागला. दिवसातून दोनदा फोन. गॅस बंद केलास? कडी घातलीस? खालची की वरची? दोन्ही घाल. खिडकीत ओणवी होऊ नकोस. पावसात चप्पल कुठली घालतेस? जगातल्या सगळ्या संकटांबद्दल तिने मुलीला सावध केलं होतं. एकाच गोष्टीबद्दल अवाक्षर काढलं नाही. तिला वाटलं, पोरीला ठाऊक असणारच. खरं म्हणजे स्वतःचा फोटो खोटं बोलतो, हे पोटच्या पोरीला फोनवर कसं सांगतात, तेच तिला कळत नव्हतं.

एका मंगळवारी सकाळी मुलीचा फोन आला. "आई, आधी ऐक, घाबरू नकोस."

हे ऐकताच टिचकीबाई घाबरलीच. "काय झालं? कुठे आहेस? कोण आहे जवळ?"

"मी ठीक आहे ग. दिवा बदलायला स्टुलावर चढले होते. त्याचा पाय मुडपला. मनगटाचं हाड मोडलंय, प्लास्टर घातलंय. डावा हात आहे, उजवा नाही."

"कसलं स्टूल?"

"तुमचंच," मुलगी म्हणाली.

दुपारच्या बसने ती मुलीकडे पोचली. खोली नीटनेटकी होती. मुलगी गळ्यात हात बांधून पलंगावर बसली होती. कोपऱ्यात तीन पायांचं स्टूल आणि त्याचा चौथा पाय शेजारी. त्याच्या बैठकीवरच्या कागदावर टिचकीबाई पांढरेशुभ्र दात काढून हसत होती. तिने नजर वळवली तर मोरीपाशी साबणाच्या बाटलीवरून हसत होती. बादलीवरून, चिमट्यांच्या पाकिटावरून, स्पंजावरून. तिने मोजलं. त्या एवढ्याशा खोलीत ती अकरा ठिकाणी होती.

"अगं, घेताना हातात धरून बघितलं नाहीस? काटकुळ्या पायांचं ते! वजन तरी आहे का त्याला?"

"वजन कशाला बघू? तुझा फोटो होता."

"फोटो होता म्हणून काहीही घ्यायचं?"

"काहीही कुठे? 'मी स्वतः वापरते' असं लिहिलंय. म्हटलं, आई वापरते म्हणजे झालं." मुलीने प्लास्टरच्या कडेचा कापूस चिमटीत धरला. "आणि इथे नवीन होते ना. भांडी घासायला गेलं की तू समोर दिसायचीस. बरं वाटायचं."

टिचकीबाईने मोरीपाशी जाऊन साबणाच्या बाटलीचं तोंड भिंतीकडे वळवलं.

"तू वापरत नाहीस?" मुलीने विचारलं.

"नाही."

"कधीपासून?"

"चार वर्षं झाली."

"मग लोकांना का सांगतेस?"

"नोकरी आहे ती."

"लोकांचं जाऊ दे. मला का नाही सांगितलंस?"

त्या दिवशी टिचकीबाईने मुलीची साचलेली भांडी घासली. साबण तीनदा घ्यावा लागला. फेस एकदाही आला नाही. चार दिवस राहून ती परतली. हुकूम आल्यापासून तिने एकदाही वरच्या मजल्याचा जिना चढला नव्हता, तो ती आल्या आल्या चढली. तिला एकच गोष्ट हवी होती. त्या वस्तूंवरून स्वतःचं तोंड काढून घ्यायचं होतं.

धाकटे सौजन्याने वागले. त्यांच्याकडे सौजन्याला तोटा नव्हता, कारण त्याला प्लास्टिक लागत नाही. "ताई, मुलीचं ऐकून वाईट वाटलं. स्टुलावरची सूचना वाचली नसेल तिने. 'अवजड वापरासाठी नाही.'"

"माझी मुलगी अठ्ठेचाळीस किलोची आहे, साहेब."

"तेच म्हणतो मी. सरासरी धरावी लागते."

"माझा फोटो काढा वस्तूंवरून."

"वेष्टनं छापून झालीत, तीन लाख. आणि तुम्ही सही केलेली आहे. ताई, तो चेहरा आता तुमचा राहिलेला नाही, ब्रँड आहे तो."

"पण ते वाक्य खोटं आहे. मी काही वापरत नाही त्यातलं."

धाकटे हसले. "मग वापरा ना! खरं होईल. एवढं सोपं आहे."

ती दारापाशी थांबली. "तुमच्याकडे वापरता का हो हे?"

"आमच्याकडे?" धाकट्यांना प्रश्न खरंच नवा होता. "आमच्याकडे ते सगळं कामवाली बघते."

जिना उतरताना टिचकीबाईला पहिल्यांदाच वाटलं की साहेब शहाणे आहेत. वापरा म्हणाले, वापरू.

त्याच संध्याकाळी तिने घरोबाच्या बारा वस्तू घेतल्या, पावती करून, आणि घरातल्या चांगल्या वस्तू माळ्यावर टाकल्या. नवऱ्याने बादलीवरच्या तिच्या फोटोला नमस्कार केला. "या बाई. खूप दिवसांनी घरी आलात."

सोमवारी स्पंज गेला. मंगळवारी चिमट्याची स्प्रिंग नवऱ्याच्या चष्म्यावर बसली. बुधवारी बादलीची कडी निघाली आणि बाथरूमपासून दिवाणखान्यापर्यंत पाणी झालं. ते पुसायला मॉप घेतला तर त्याचं डोकं दांड्यावरून निसटून पाण्यात बसलं. गुरुवारी शेजारीण विचारायला आली, "वहिनी, तुमच्याकडे रोज कसले आवाज येतायत?"

"तुमची वहिनी स्वतः वापरतेय," आतून नवरा ओरडला. "तुम्ही लांब उभ्या राहा."

टिचकीबाई प्रत्येक मोडक्या वस्तूला तारखेची चिठ्ठी बांधत होती. शनिवारी तिची सुट्टी होती. बारा वस्तू एका जुन्या गोणीत भरून, घरातल्या साध्या कपड्यांत ती गिऱ्हाइकांच्या दाराने दुकानात शिरली, तळघरात उतरली आणि टोकन घेतलं. सत्तेचाळीस नंबर.

शनिवार म्हणून रांग जिन्यापर्यंत होती. तिच्या मागे एक निवृत्त पोस्टमास्तर गळका थर्मास घेऊन उभे होते आणि एक बाई मॉपचं नुसतं डोकं घेऊन. सव्वा तासाने नंबर आला. खिडकीत पंधरा दिवसांपूर्वी लागलेली मुलगी होती. तिने पडद्यावरची नजर न काढता विचारलं, "बोला मॅम."

"बादली. कडी निघाली."

"वापरलीत का मॅम?"

"हो."

"वापरलेली वस्तू परत घेत नाही, मॅम."

"पण मी वापरते असं तुम्हीच छापलंय." तिने बादली फिरवून खिडकीत धरली.

मुलीने फोटो बघितला. मग पहिल्यांदाच वर बघितलं. पुन्हा फोटो बघितला. "या तुम्ही? वर घरगुती विभागात असता त्या?"

"तीच मी. खरी आहे म्हणून जरा म्हातारी दिसते."

मागून मॉपवाली बाई पुढे घुसली. "काय? ह्याच का त्या? अहो, तुमच्यावर विश्वास ठेवून घेतला मी हा! एका आठवड्यात मुंडकं हातात आलं!"

"माझी उशी घेताना हसत होत्या पाकिटावरून," कोणीतरी म्हणालं.

"लाज नाही वाटत?" मागून आणखी एक आवाज.

टिचकीबाईचे कान तापले. तिला वाटलं होतं, लोक आपल्या बाजूने बोलतील. तिने गोणी खाली ठेवली. "वाटते," ती म्हणाली. "चूक माझीच आहे. घरोबाच्या स्टुलावरून पडून माझ्या मुलीचा हात मोडला, तेव्हा कळली. आता माझ्याविरुद्ध लिहा. अर्ज दे ग बाळ, आहेत तेवढे सगळे दे."

तिने पहिला अर्ज उभ्याउभ्याच भरला. ही वस्तू तुम्हाला कोणी सुचवली? तिने लिहिलं, 'मी.' सुचवणाऱ्या व्यक्तीवर तुमचा किती विश्वास आहे? एक ते दहा. इथे तिचं पेन थांबलं. एकाच्या आधीचा आकडा छापलेला नव्हता. तिने तो हाताने काढला.

पोस्टमास्तर खांद्यावरून वाचत होते. आयुष्यभर लोकांची पत्रं हाताळलेला माणूस, त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं. रांगेत हशा पिकला आणि हशाबरोबर राग जरा उतरला. मग चष्मा विसरलेल्यांचे अर्ज टिचकीबाईच भरू लागली. स्वतःचं नाव स्वतःच्या अक्षरात, पुन्हा पुन्हा. कोणी सुचवलं? मी. कोणी सुचवलं? मी. खिडकीतली मुलगी मान खाली घालून संगणकात भरत होती आणि का कोण जाणे, आज तिचा हात भराभर चालत होता. दुपारी एकला पोस्टमास्तरांच्या थर्मासने पन्नासावा आकडा गाठला आणि पडद्यावर लाल चौकट उमटली. आजवर एकाही माणसाला बाद न केलेल्या त्या संगणकाने न कुरकुरता टिचकीबाईचं नाव आणि चित्र सगळ्या जाहिरातींतून बाद केलं.

धाकटे धावत खाली आले, तोवर सतरा शाखांना तशी सूचना गेली होती. ती मागे घेण्याचा उपाय कोणाला माहीत नव्हता. ज्याला माहीत होता त्याला मागच्या वर्षी काटकसरीत काढलं होतं.

शिक्षा झालीच. टिचकीबाईची बदली तळघरातल्या त्या खिडकीत झाली. तिथे गेल्यावर कळलं की त्या जागेला खुर्ची आहे. तेवीस वर्षांनी ती कामावर बसली. तीन लाख वेष्टनांवरच्या तिच्या तोंडावर पांढरे चिकट कागद लावायचं ठरलं, पण ते कागदही घरोबाचेच निघाले. दोन दिवसांत गळून पडू लागले. शेवटी टिचकीबाईने समोरच्या दुकानातून खळ आणली आणि रोज दुपारी रांग नसेल तेव्हा ती स्वतःच्या हसऱ्या तोंडावर एकेक कागद नीट दाबून चिकटवत बसायची.

मुलीचं प्लास्टर सुटलं त्या आठवड्यात, भरदुपारी फोन आला. मागे गजबज ऐकू येत होती.

"आई, दुकानात आहे. बादली घ्यायचीय. दुसऱ्या कंपनीची आहे, फोटोबिटो काही नाही. कशी ओळखू?"

"दुखतोय का ग हात? त्या हाताने उचलू नकोस."

"नाही दुखत. सांग ना."

"उंच धर. काठाखाली चार बोटं सोड. मधलं बोट. आणि फोन जवळ ने."

खिडकीपलीकडे टोकन नंबर बारा उभा होता. टिचकीबाईने त्याला हाताने थांबवलं आणि डोळे मिटून कान तिरपा केला.

"ठेव ती फळीवर," ती म्हणाली. "पुढची वाजव."